मेमरी क्लिनिकवाले पैसे कशाचे घेतात?

सुरुवातीलाच सांगते, मेमरी क्लिनिक म्हणजे विसरण्याच्या आजाराचा दवाखाना, आणि तिथे कसलंही यंत्र नाही. आमच्या नणंदबाईंची समजूत अशी की डोक्याला वायरी लावतात आणि संध्याकाळपर्यंत कागदावर उत्तर मिळतं. प्रत्यक्षात एक टेबल, तीन खुर्च्या, पेन्सिल आणि कोरे कागद. पहिल्या भेटीचे १५०० रुपये घेतात आणि दोन-अडीच तास नुसते प्रश्न विचारतात. त्याआधी कुठल्याही डॉक्टरने बाबांना दहा मिनिटांच्या वर वेळ दिला नव्हता, त्यामुळे मला तरी हे पैसे जास्त वाटले नाहीत.

क्लिनिकचं नाव लिहीत नाही. बरं-वाईट दोन्ही लिहायचंय, आणि नावापेक्षा तिथे काय काय केलं हे कळणं जास्त उपयोगाचं. ते माहीत असलं की तुमच्या जवळच्या डॉक्टरलाही तुम्ही जोखू शकाल. पणजीच्या आसपास आहे आणि आठवड्यातून दोनच दिवस चालतं, एवढं पुरे.

बाबा म्हणजे माझे सासरे. वय ७७, गाव डिचोली तालुक्यात. आधी खाजगी बसवर, मग १९८० साली कदंब महामंडळ सुरू झाल्यावर तिथे कंडक्टर, ते थेट निवृत्तीपर्यंत. पोर्तुगीज अमदानीत गावच्या मराठी शाळेत शिकले. आम्ही घरात कोकणीच बोलतो, पण बाबांचे पाढे मराठीत, पैसे मोजणं मराठीत, आरती-भजन मराठीत आणि सहीसुद्धा मराठीत. गोव्यातल्या त्यांच्या वयाच्या कितीतरी माणसांचं असंच आहे. ही गोष्ट पुढे कामाची आहे.

मी पतसंस्थेत कामाला. सह्या ताडून बघणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे बाबांची सही बिघडलेली मला घरातल्या कोणाच्याही आधी दिसली. ठेवीच्या नूतनीकरणाच्या अर्जावर आडनावातलं एक अक्षर गळलेलं. त्यानंतरच्या कागदावर सही ओळ सोडून खाली घसरलेली. तोवर बाकीच्या गोष्टीही सुरू होत्याच: एकच प्रश्न चहा होईपर्यंत चारदा, पाकीट गादीखाली ठेवायचं आणि मग ‘चोरलं’ म्हणायचं. चोर अर्थातच मी. हे बोटीवर असतात, त्यांना व्हिडिओ कॉलवर बाबा एकदम टकाटक दिसायचे. ‘जेवलात का, पाऊस कसा आहे, तब्येत सांभाळ’ एवढं पाच मिनिटं बोलायला आठवण कशाला लागते? ते सगळं सवयीनं येतं. नणंद वास्कोला. तिचंही तेच, “बाबा माझ्याशी छान बोलतात.”

गावातल्या डॉक्टरांनी “वयोमानानुसार होतंच” म्हणून टॉनिक दिलं आणि झोपेची गोळी. शेजारीण म्हणाली, सासूबाई गेल्यापासून त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून असं झालंय. ‘कोणी’ म्हणजे कोण हे तिला सांगायची गरज नव्हती. पुढे वाचताना मला कळलं की हे आमच्याच गावात नाही. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या मनोविकारतज्ज्ञांचा गोव्यातला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झालाय. त्यांनी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाचं वर्णन लोकांना ऐकवलं, तर लोकांनी ते बरोबर ओळखलं. पण हा आजार आहे असं कोणालाच वाटलं नाही. म्हातारपण आहे, किंवा मुलं विचारत नाहीत, प्रेम करत नाहीत, त्याचा परिणाम आहे. गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना अशी माणसं माहीत होती आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांना ती क्वचितच भेटत होती. कारण घरचे आणतच नाहीत. पाव शतक झालं, आमच्या आळीत तरी फार काही बदललेलं नाही.

तर क्लिनिक. पहिलं चांगलं काम त्यांनी केलं ते फोनवरच. अपॉइंटमेंट देताना विचारलं, “त्यांच्याबरोबर घरात कोण राहतं? त्या माणसाला आणा.” दुसरं, घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, चालू, बंद, आयुर्वेदिक, मेडिकलवाल्यानं परस्पर दिलेल्या, सगळ्या. तिसरं, चष्मा.

गेल्यावर आधी बाबांना मानसशास्त्रज्ञ मुलीबरोबर एका खोलीत बसवलं आणि डॉक्टरीणबाईंनी मला दुसऱ्या खोलीत बोलावलं. हे वेगळं बोलावणं फार बरं. बाबांसमोर “हे लघवीला चुकीच्या कोपऱ्यात जातात” असं कुठली सून बोलेल? आणि बोललीच तर बाबा आयुष्यभर विसरणार नाहीत, बाकी सगळं विसरले तरी.

मला वाटलं होतं ‘काय काय विसरतात’ असं विचारतील. त्यांचा पहिला प्रश्न, “पूर्वी कुठली कामं स्वतः करायचे, जी आता करत नाहीत?” मी म्हटलं, त्यांना काही करावंच लागत नाही, सगळं हातात मिळतं. त्या हसल्या. म्हणाल्या, आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. वय झालं की आपण माणसाच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेतो, मग ते त्याला जमेनासं झालंय हे कळायला जागाच उरत नाही. डिमेन्शिया म्हणायला नुसतं विसरणं पुरत नाही. माणूस आधी जसा होता त्यापेक्षा खाली आलेला हवा, आणि त्यामुळे त्याचे रोजचे व्यवहार अडायला हवेत. विसरभोळेपणा वाढलाय, चाचणीतही दिसतोय, पण व्यवहार धड चालू आहेत, तर त्याला त्या सौम्य बोधनदोष म्हणतात आणि दर सहा महिन्यांनी बघतात. अशातली काही माणसं आहेत तिथेच थांबतात, काही तर सुधारतातही.

मग त्यांनी चवथीचं, म्हणजे गणपतीचं, विचारलं. माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट) कोण बांधतं? आणि इथे मला सगळं एकदम आठवलं. आमच्या घरी माटोळी बाबांचीच. सुपारीची शिपटी, केळीचा घड, कवंडाळ, रानातली फळं, कुठली वस्तू कुठे बांधायची ते त्यांच्या डोक्यात. गेल्या चवथीला ते बाजारातून दोनदा तीच फळं घेऊन आले, बांधताना मध्येच हात सोडून उभे राहिले आणि “आता मुलगे बांधतील” म्हणून खाली बसले. आम्हाला वाटलं, थकले. देवस्थानच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याही आदल्या वर्षी त्यांनी असाच दुसऱ्याच्या गळ्यात घातला होता. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं तारीखवार लिहून घेतलं. तारखा मला आठवेनात तेव्हा चवथ, शिगमो, गावची जत्रा असं करत त्यांनीच मागे मागे नेलं. ‘किती वर्षांपूर्वी’ विचारण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

त्यानंतर प्रश्नांची जी सरबत्ती झाली ती एकेका दाराला कडी लावण्यासाठी, म्हणजे दुसरी कारणं बाद करण्यासाठी होती हे मला नंतर कळलं. हळूहळू झालं की एकदम? दोन-चार दिवसांत एकदम बरळायला लागले, दिवसात कधी शुद्धीत कधी नाही, असं असेल तर तो डिमेन्शिया नव्हे, ते डिलिरियम, आणि त्यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणं, एखादं औषध असं काहीतरी असतं. तिथे क्लिनिकची वाट न बघता इस्पितळ गाठायचं. पायरी पायरीनं उतरत गेलं का, मध्ये कधी अर्धांगाचा झटका? तसं असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांकडे संशय. चाल फाकलेली, पाय जमिनीला चिकटल्यासारखे आणि लघवी आवरत नाही, असं तिन्ही एकत्र? मग मेंदूत पाणी साठलंय का ते बघतात. त्यावर शस्त्रक्रियेचा इलाज असतो. पडले होते का, डोक्याला मार? म्हाताऱ्या माणसात साधं आपटलं तरी मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साचतं आणि कित्येक आठवड्यांनी डोकं चालेनासं होतं. नसलेली माणसं दिसतात? झोपेत लाथा मारतात, ओरडतात? हे ल्युई बॉडी नावाच्या प्रकारात असतं आणि अशा माणसाला शांत करायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर तो लाकडासारखा ताठ होऊ शकतो, म्हणून विचारून ठेवलेलं बरं. स्वभाव बदलला का, लाजलज्जा सुटली, गोडाचा हव्यास? फेणी किती? मी म्हटलं, सणासुदीला. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मी म्हटलं, आता सणासुदीला, पूर्वी रोज.

नणंदही आली होती. तिला वेगळं विचारलं, तिनं “बाबा अगदी नॉर्मल” सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला खोटं पाडलं नाही, फक्त विचारलं, “शेवटचे दोन दिवस सलग त्यांच्याबरोबर कधी राहिलात?” विषय तिथेच संपला. मला बरं वाटलं नाही म्हणणं खोटं होईल.

आता बाबांची परीक्षा. मी मागे खुर्चीवर बसले होते, मदत करायची नाही या अटीवर.

आधी कानात बत्ती घालून बघितलं. डावा कान मळानं गच्च. तो काढून मगच पुढे. ऐकू न येणाऱ्या माणसाला पाच शब्द सांगून ‘आठवत नाहीत’ म्हणायला काय अर्थ आहे? मग त्या मुलीनं विचारलं, “कोकणीत विचारू की मराठीत?” बाबा म्हणाले, “बोलणें कोंकणींत, हिशोब मराठींत.” तिनं अगदी तसंच केलं. या एका गोष्टीसाठी मी या क्लिनिकला पूर्ण गुण देईन. दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही आधी गेलो होतो तिथे हिंदीत छापलेला कागद वाचून दाखवला होता. बाबांचं हिंदी म्हणजे टुरिस्टाला “आगे चलो, पीछे जगह है” सांगण्यापुरतं. त्यांत गुण कमी पडले तर ते मेंदूचे की हिंदीचे?

पहिली चाचणी ती सगळीकडे असते ती, १९७५ सालची, ३० गुणांची, एमएमएसई. वार, तारीख, जागा, तीन शब्द, शंभरातून सात-सात वजा करणं, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन. वजाबाकीत बाबांनी कमाल केली. ९३, ८६, ७९, ७२, ६५, श्वास न घेता. आयुष्यभर धावत्या गाडीत सुटे पैसे परत दिलेला माणूस. पाचपैकी पाच. तीन शब्द मात्र थोड्या वेळानं विचारले तर एकही नाही, तारीख चुकली, महिना चुकला. एकूण २५. साधारण २४ च्या खाली गेलं की संशय धरतात, म्हणजे बाबा पास. आधीच्या ठिकाणी इथेच थांबून आम्हाला घरी पाठवलं असतं. ही मुलगी थांबली नाही. तिचं म्हणणं, बेरीज बघायची नाही, कुठले गुण गेले ते बघायचं. आणि ही चाचणी शिक्षणावर फार अवलंबून असते. शाळेचं तोंड न पाहिलेली निरोगी आजी पंचकोन आणि वाचन यांतच गुण घालवते, आणि निवृत्त हेडमास्तर आजारी असूनही २८ काढतो. (याच कारणासाठी उत्तर भारतात बल्लभगढच्या खेड्यांतल्या निरक्षर लोकांसाठी या चाचणीचं वेगळं हिंदी रूप केलं होतं, असं तिनं सांगितलं.)

दुसरी मोठी चाचणी सुरू झाली. त्यातले शब्द मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर घरोघरी पाठांतर सुरू होईल. घड्याळ काढायला सांगितलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. गोल छान आला, आकडे बाराचे बारा आले, आणि काटे? एक अकरावर, दुसरा दहावर. गाड्यांच्या वेळा ज्यांच्या रक्तात त्यांनी ‘दहा’ ऐकलं आणि दहाच्या आकड्यावर काटा नेला. दहा मिनिटं म्हणजे काटा दोनवर, हे जोडणं तुटलेलं. मला तिथे पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. सहीपेक्षाही जास्त.

एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं येतील तितकी सांगा. “गाय, म्हैस, बैल, कुत्रो... गाय...” मग थांबले, माझ्याकडे वळून पाहिलं. त्या मुलीनं कागदावर काहीतरी खूण केली. मी नंतर विचारलं तर म्हणाली, उत्तर अडलं की सोबतच्या माणसाकडे मान वळवून बघणं, ही स्वतःच एक खूण धरतात, अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, खूप दिसते. चाचणी संपल्यावर तिनं सहज विचारलं, बाबा, डिचोलीहून पणजीला गाडी कुठे कुठे थांबायची? बाबांनी सगळे थांबे म्हणून दाखवले, कुठल्या वळणावर कुठली बाई रोज हात करायची त्यासकट. जुनं पक्कं, नवं टिकत नाही.

शब्दांच्या बाबतीत तिनं जे केलं ते मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटलं. बाबांना शब्द आठवले नाहीत तेव्हा तिनं आधार दिला: “त्यात एक फळ होतं.” तरी नाही. मग तीन फळांची नावं सांगून यातलं कुठलं, विचारलं. बाबांनी चुकीचं सांगितलं, आणि ठामपणे. डॉक्टरीणबाईंनी बाबांच्याच धंद्यातून समजावलं. तिकीट खिशात असून सापडत नसेल तर कोणी ‘वरच्या खिशात बघा’ म्हटलं की सापडतं. उदास माणसाचं, किंवा रक्तवाहिन्यांमुळे मंदावलेल्या माणसाचं पुष्कळदा असं असतं. इथे तिकीट फाडलंच गेलेलं नाही.

उदासीनतेचीही त्यांनी वेगळी तपासणी केली, १५ हो-नाहीच्या प्रश्नांची यादी. सासूबाई गेल्यापासून बाबा गप्प गप्प होते, म्हणून मला तीच शंका होती, खरं सांगायचं तर तीच आशा होती. डिप्रेशन डिमेन्शियाचं सोंग हुबेहूब आणतं आणि औषधानं उतरतं. पण उदास माणूस बहुधा स्वतःच तक्रार करतो, “माझं डोकं चालत नाही”, आणि प्रश्नाला “माहीत नाही” म्हणून मोकळा होतो. बाबांची तक्रारच नव्हती. “म्हाका सगळें याद आसा,” आणि नाही आठवलं तर “आज वर्तमानपत्र आलं नाही, तारीख कशी कळणार?” हजरजबाबीपणा शाबूत होता.

गोळ्यांची पिशवी. टेबलावर ओतल्यावर मलाच लाज वाटली. मधुमेहाची, रक्तदाबाची, पित्ताची ठीक. पण रात्री वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून कोणीतरी दिलेली ऑक्सिब्युटिनिन, खाज येते म्हणून हायड्रॉक्सिझिन, आणि झोपेची ती गोळी. पहिल्या दोन्ही मेंदूतलं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन अडवतात. अल्झायमरमध्ये नेमकं तेच रसायन कमी पडतं आणि त्याची औषधं तेच वाढवायला दिलेली असतात. म्हणजे एका हातानं घालायचं, दुसऱ्या हातानं काढायचं. दोन्ही बंद झाल्या. झोपेची हळूहळू कमी करत आणली, एकदम तोडायची नाही असं बजावून. पंधरवड्यात बाबा दुपारचे पेंगायचे थांबले.

रक्ततपासणीत थायरॉईड, सोडियम, कॅल्शियम, मूत्रपिंड, यकृत, साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२. बी-१२ तळाला. मी म्हटलं, रोज मासे खाणाऱ्या माणसाला बी-१२ कमी? तर मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते शोषलं जात नाही, आणि पित्ताच्या गोळीनं त्यात भर. इंजेक्शनं घेतली. पायाच्या मुंग्या पुष्कळ कमी झाल्या. आठवणीत मात्र फरक पडला नाही. तोही निकालच म्हणायचा.

एमआरआय बाहेरच्या केंद्रात काढला. तिथल्या रिपोर्टात परत तेच, ‘वयोमानानुसार मेंदूची झीज’. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून फिल्म उजेडात धरली आणि मला दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस दाखवले, नव्या आठवणी जिथे रुजतात ती जागा. भोवती काळी पोकळी वाढलेली. शिवाय रक्तदाबामुळे आतल्या बारीक वाहिन्यांच्या पांढऱ्या खुणा. पण त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं, की नुसत्या फिल्मवरून निदान होत नाही. अशी झीज असून धडधाकट माणसंही असतात. एमआरआय मुख्यतः गाठ, साचलेलं रक्त, पाणी, झटके हे नाही ना ते बघायला. निदान झालं ते माझ्या सांगण्यावरून आणि बाबांच्या पेन्सिलीवरून. अल्झायमर, त्यात रक्तवाहिन्यांचा हातभार, सुरुवातीची अवस्था.

सांगायचं कसं, यावर घरात रण माजलं. नणंद म्हणाली, बाबांना कळता कामा नये. डॉक्टरीणबाईंनी बाबांनाच विचारलं, “तपासणीत जे निघालं ते तुम्हाला ऐकायचंय की सुनेला सांगू?” बाबा म्हणाले, म्हाका सांगा. त्यांनी सांगितलं, आजाराचं नाव घेऊन, सावकाश. बाबा जरा वेळानं म्हणाले, “म्हणजे चोर कोण नाशिल्लो.” (चोर कोणी नव्हताच.) त्या वाक्याबद्दल मी त्यांना सगळ्या पाकिटांची माफी देऊन टाकली.

त्याच बैठकीत त्यांनी स्कूटर बंद करायला सांगितली, आणि मृत्युपत्र, बँकेतलं संयुक्त खातं, नामनिर्देशन ही कामं बाबांना समजतंय तोवर आत्ताच उरका म्हणाल्या. पतसंस्थेत बसून मी रोज बघते, हे उशिरा करणाऱ्यांचे काय हाल होतात ते. औषध डोनेपेझिल, आधी ईसीजी काढून, कारण त्यानं नाडी मंदावू शकते. पहिले काही दिवस मळमळ आणि पातळ जुलाब झाले, रात्री घाणेरडी स्वप्नं पडू लागली, मग सकाळी द्यायला सांगितलं. बरं होणार नाही, घसरण थोडा काळ सावरेल, तीही सगळ्यांची नाही, असं आधीच सांगितलं होतं. नणंदेनं व्हॉट्सॲपवर आलेल्या नव्या इंजेक्शनचं विचारलं. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली ते. त्याचा फायदा बेताचाच आहे, मेंदूत ॲमिलॉइड नावाचं प्रथिन साचलंय हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय. त्यांनी ना हिणवलं, ना भुलवलं.

आता वाईट. बसायच्या जागेत टीव्ही मोठ्यानं चालू, आणि चाचणीच्या खोलीचं दार त्याला लागून. पाच शब्द लक्षात ठेवायच्या वेळी बाहेर मालिकेतली बाई रडत होती. संडास जिना उतरून खाली, आणि दारावर फक्त इंग्रजी अक्षरं. विसरण्याच्या आजाराच्या दवाखान्यात दारावर एक चित्र लावायला काय लागतं? घरून भरून आणायचा आठ पानी अर्जही सगळा इंग्रजीत. वेळ साडेनऊची दिली आणि आत घेतलं सव्वाअकराला. तोवर बाबा दमलेले, चिडलेले. दमलेल्या माणसाची परीक्षा घेणं बरोबर नाही, हे मी तिथे बोलूनही दाखवलं.

सगळ्यात मोठी उणीव निदानानंतरची. हातात दोन कागदांचं पत्रक दिलं आणि “तीन महिन्यांनी या”. मधल्या काळात रात्री दोन वाजता बाबा कामावर निघाले, शर्टाची बटणं लावून, तर काय करायचं? फोन लागत नाही. याच गोव्यात संगथ या संस्थेनं आणि डॉ. अमित डायस यांनी ८१ कुटुंबांवर एक प्रयोग केला होता, २००८ साली तो प्रसिद्धही झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघरी पाठवलं: आजार समजावून सांगणं, चिडचिड कशी हाताळायची, सांभाळणाऱ्यालाही धीर देणं. त्यानं सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाल्याचं दिसलं. २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीप्रमाणे देशात साठीच्या वरच्या माणसांत ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. एवढ्या सगळ्यांच्या सुना गूगल करत बसणार का? निदान करायला शिकलेली माणसं या क्लिनिकमध्ये आहेत. तशीच घरी येणारी एखादी मुलगी ठेवली तर मी तिचे वेगळे पैसे आनंदानं देईन.

ज्यांना खाजगीचा खर्च नको त्यांनी बांबोळीला जावं. गोवा मेडिकल कॉलेजात मेंदूविकार विभाग आहे आणि मनोविकारांची सरकारी संस्थाही बांबोळीतच. गर्दी असते, पण विचारायचे प्रश्न तेच. तुम्ही घरची हकिकत एका कागदावर लिहून नेली, काय बदललं आणि कुठल्या सणाच्या सुमाराला, तर तिथल्या घाईतही ती वाचली जाते.

आमच्या क्लिनिकला जाणार असाल तर पहिली वेळ मागून घ्या आणि म्हाताऱ्या माणसाला खाऊन-पिऊन न्या, आत कॅन्टीन नाही. अपॉइंटमेंटचा फोन सकाळी नऊ ते दहाच्या मध्येच उचलतात. आणि पार्किंग समोरच्या गल्लीत मिळतं, पण पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी असतं.